इगोर स्टिमॅक, डर्बीचा स्टॉपर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारताचा माजी प्रशिक्षक म्हणून इगोर स्टिमॅक आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. लाल कार्डं, रेफ्रीशी हुज्जत, महासंघाशी भांडण. पण हा माणूस खेळायचा कुठे, कसा, असं विचारलं की नागपुरात धंतोलीपासून कामठीपर्यंत भलेभले गप्प होतात. आमच्या रविवारच्या सरावाला येणारी पोरं, त्यांना सोडायला येणारे बाबालोक आणि कामठीचे काही जुने जाणकार यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं डर्बीवर जास्त रेंगाळतात. ते मुद्दाम आहे, कारण कोच स्टिमॅक समजायचा असेल तर आधी डर्बीचा स्टिमॅक पाहावा लागतो.

कोण हा, ते आधी थोडक्यात सांगा.

जन्म ६ सप्टेंबर १९६७, मेत्कोविच गावी. हे गाव आज क्रोएशियात आहे, तेव्हा युगोस्लाव्हियात होतं. हायदुक स्प्लिट या क्लबच्या पोरांच्या संघात तयार झाला. मध्ये स्पेनच्या काडिझकडे खेळला, परत हायदुक, मग इंग्लंडमध्ये डर्बी काउंटी आणि वेस्ट हॅम, शेवटी पुन्हा हायदुक आणि २००२ मध्ये निवृत्ती. क्रोएशियासाठी ५३ सामने, २ गोल. जागा सेंटर बॅकची, म्हणजे आपल्या मैदानावरच्या भाषेत स्टॉपर.

डर्बी काउंटी हा काही मोठा क्लब आहे का? नाव तर ऐकलेलं नाही.

आजच्या पोरांनी ऐकलं नसेल, बरोबर आहे. इंग्लंडच्या मध्यभागातलं हे कारखान्यांचं, रेल्वेचं गाव. अजनीच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्याला तिथलं वातावरण परकं वाटू नये. १९७२ मध्ये ब्रायन क्लफच्या हाताखाली आणि १९७५ मध्ये डेव्ह मॅकेच्या हाताखाली हा संघ इंग्लंडचा विजेता झाला होता. नंतर घसरण. स्टिमॅक आला तेव्हा ते दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये अडकले होते आणि वर जायची वाट बघत होते.

त्यांचं जुनं मैदान म्हणजे बेसबॉल ग्राउंड. नाव असं, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका कारखानदाराने तिथे खरोखरच बेसबॉल सुरू केला होता. सत्तरच्या दशकात या मैदानाचा चिखल इंग्लंडभर कुप्रसिद्ध होता. १९७७ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध पेनल्टी मिळाली तर ठिपकाच सापडेना. माळीबुवा टेप आणि रंगाची बादली घेऊन मैदानात आले, मोजून नवा ठिपका काढला, मग किक झाली. श्रावणात आपल्या काळ्या मातीच्या मैदानावर खेळलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे ठिपका शोधायला कोणी येत नाही, रेफ्री अंदाजाने पावलं मोजतो.

तो तिथे गेला कसा? तेव्हा तर परदेशी खेळाडू इंग्लंडमध्ये फार नव्हते ना?

फार नव्हतेच, आणि खालच्या लीगमध्ये तर मोजकेच. १९९५ चा ऑक्टोबर. मॅनेजर जिम स्मिथने त्याला सुमारे १५ लाख पौंडांना उचललं. युरोपातल्या खेळाडूंना मोकळं करणारा बॉसमन निकाल त्यानंतर, १५ डिसेंबर १९९५ ला आला. आणि क्रोएशिया युरोपीय संघात नसल्यामुळे स्टिमॅकला वर्क परमिट लागायचंच.

बघा, त्याच वर्षी वसंतात हायदुक चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत होता. हरला तो आयाक्सकडून, आणि आयाक्सने पुढे कप जिंकला. असा माणूस काही महिन्यांत इंग्लंडच्या दुसऱ्या पायरीवर, ट्रॅनमियरसारख्या गावात, हिवाळ्याच्या तोंडावर खेळायला उतरतो. बरेच जण याला उतरती कळा म्हणाले असते.

पहिला सामना ५–१ ने हरला हे खरं?

शंभर टक्के खरं. ट्रॅनमियर रोव्हर्सच्या मैदानावर पदार्पण, आणि डर्बीवर पाच गोल. डर्बीचा एकुलता एक गोल कोणी केला? नव्या स्टॉपरनेच. बचाव करायला आणलेल्या माणसाच्या नावावर पहिल्याच दिवशी एक गोल जमा आणि संघाच्या खात्यावर पाच खर्च.

त्यानंतर डर्बी सलग २० सामने हरला नाही. नोव्हेंबरपासून जवळजवळ सगळा हिवाळा. डर्बीच्या लोकांना स्टिमॅकबद्दल विचारा, पहिल्या दोन वाक्यांत ही गोष्ट येतेच.

असं काय बदललं त्या २० सामन्यांत? एकटा माणूस कसं काय बदलेल?

या प्रश्नाला जरा वेळ द्यावा लागेल.

जिम स्मिथने मागे तिघे ठेवले आणि मधल्या जागी स्टिमॅक. दोन्ही बाजूंचे स्टॉपर पुढे जाऊन फॉरवर्डला अंगावर घेतात, मधला अर्धा पाऊल मागे राहतो आणि सुटलेलं सगळं गोळा करतो. आपल्याकडे जुने लोक याला स्वीपर म्हणतात. त्या काळच्या इंग्लंडमध्ये स्टॉपर म्हणजे उंच, दणकट, हेडर मारणारा आणि चेंडू पायाशी आला की प्रेक्षकांत भिरकावणारा. स्टिमॅक चेंडू घ्यायचा, थांबायचा, मान वर करायची आणि दुसऱ्या बाजूच्या विंगवर चाळीस यार्डांचा पास टाकायचा. म्हणजे बचाव जिथे संपायचा तिथूनच हल्ला सुरू व्हायचा. पुढे डीन स्टरिजसारखा वारा प्यायलेला फॉरवर्ड होता. त्या मोसमात त्याने लीगमध्ये २० गोल केले. पळणाऱ्या माणसाला पळायच्या आधीच पास मिळाला तर आणखी काय हवं!

तो वेगवान नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. पण वेगाची गरज पडू नये अशा जागी उभं राहणं त्याला जमायचं. आणि बोलायचा. सतत. हाताने दाखवत, ओरडत, वेळ पडली तर स्वतःच्याच माणसाला झापत. युगोस्लाव्ह शाळेचे खेळाडू असे असतातच म्हणतात, पण त्याच्यात जरा मात्रा जास्त होती. जिम स्मिथसोबत तेव्हा स्टीव्ह मॅक्लारेन नावाचा तरुण कोच काम करत होता, जो पुढे इंग्लंडचा मॅनेजर झाला. सराव नीटनेटका होता, पण सामना चालू झाल्यावर रचना धरून ठेवायला मैदानात कोणीतरी लागतं. ते काम याचं.

मग वर गेले का?

गेले. २८ एप्रिल १९९६, घरचं मैदान, समोर क्रिस्टल पॅलेस. डर्बी जिंकला तर वर जाणार अशी स्थिती. २–१. विजयी हेडर कर्णधार रॉबिन व्हॅन डर लानचा, तोही परदेशी, नेदरलँड्सचा. ७९ गुण, सुंदरलँडच्या मागे दुसरा नंबर, आणि थेट प्रीमियर लीग.

डर्बीसाठी फक्त ८४ सामने खेळला म्हणता. मग येवढा उदो-उदो कायले?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि आकडेवारीच्या ॲपवर वाढलेल्या पोरांकडून हमखास येतो. खरंय, डर्बीसाठी लीगचे ८४ सामने आणि ३ गोल. चार मोसमांत हे काही फार नाही. दुखापतींनी बऱ्याचदा बाहेर बसवलं.

पण तारखा लावून बघा. तो यायच्या आधी क्लब दुसऱ्या पायरीवर. १९९६-९७ मध्ये प्रीमियर लीगमध्ये १२ वा. १९९७-९८ मध्ये ९ वा. १९९८-९९ मध्ये ८ वा. १९९९ मध्ये तो गेला. मग १६ वा, १७ वा, आणि २००२ मध्ये १९ व्या नंबरावर राहून खाली. सगळं श्रेय एकट्याचं नाही, इतरही चांगले खेळाडू आले-गेले. तरी डर्बीच्या माणसाने ही उतरंड डोळ्यांनी पाहिली आहे.

दुसरं कारण मला जास्त पटतं. तो आला आणि जमला, म्हणून क्लबची भीड चेपली. १९९६ च्या उन्हाळ्यात त्याचा क्रोएशियाचाच जोडीदार आल्योशा असानोविच आला, डेन्मार्कचा याकोब लॉरसन आला. पुढच्या वर्षी कोस्टा रिकाचा पाउलो वांचोपे, एस्टोनियाचा गोलकीपर मार्ट पूम, इटलीचे एरानियो आणि बायानो. एप्रिल १९९७ मध्ये याच डर्बीने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ३–२ ने हरवलं आणि वांचोपेने अर्धं मैदान कापत केलेला गोल तिथले लोक अजून सांगतात. या नावांच्या रांगेत पहिला उभा राहिला तो स्टिमॅक. पहिल्याचं अप्रूप वेगळंच.

१९९१ च्या त्या भांडणाचं काय?

८ मे १९९१, बेलग्रेड. युगोस्लाव्ह कपची फायनल, क्रोएशियाचा हायदुक विरुद्ध सर्बियाचा रेड स्टार. देश फुटायच्या बेतात होता आणि सहाच दिवसांपूर्वी बोरोवो सेलो इथे गोळीबारात माणसं मेली होती. रेड स्टारचा सिनिशा मिहायलोविच त्याच भागातला. मैदानात तो आणि स्टिमॅक एकमेकांना भिडले आणि दोघांनाही लाल कार्ड मिळालं. नेमकं कोण काय बोललं याबद्दल दोघांच्या हकिकती कधीच जुळल्या नाहीत, आणि पुढची कित्येक वर्षं दोघांनी एकमेकांना सोडलं नाही. मिहायलोविच २०२२ मध्ये वारला.

सामना हायदुकने १–० ने जिंकला, गोल अलेन बोकशिचचा. हाच रेड स्टार तीन आठवड्यांनी युरोपचा विजेता झाला. म्हणजे हरवलं कोणाला ते बघा. पण हा सामना कोणी फुटबॉलसाठी आठवत नाही.

क्रोएशियासाठी कसा खेळला?

त्याची पिढीच अफाट. १९८७ मध्ये चिलीत झालेली युवा विश्वचषक स्पर्धा युगोस्लाव्हियाने जिंकली, त्या संघात बोबान, शुकर, प्रोसिनेच्की, यार्नी, मियातोविच यांच्याबरोबर हाही होता. फायनलला पश्चिम जर्मनी, १–१, मग पेनल्टींवर.

युरो १९९६ इंग्लंडमध्येच. गंमत अशी, की क्रोएशियाचे साखळीतले दोन सामने नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर होते, आणि फॉरेस्ट म्हणजे डर्बीचे सख्खे शेजारी आणि सख्खे वैरी. पुढे उपांत्यपूर्व फेरीत जर्मनी. क्लिन्समनची पेनल्टी, शुकरची बरोबरी, आणि ५६ व्या मिनिटाला स्टिमॅकला दुसरं पिवळं. तीनच मिनिटांत सॅमरने गोल केला. २–१, घरी.

१९९८ मध्ये फ्रान्सला विश्वचषक झाला तेव्हा आपल्याकडे हे सामने मध्यरात्री साडेबाराला सुरू व्हायचे. आमच्या लेआउटमध्ये ज्यांच्याकडे केबल होती त्यांच्या ओसरीत चपलांचा ढीग, आतून काकू ओरडताहेत की आवाज कमी करा. जर्मनीविरुद्ध क्रोएशिया जिंकेल यावर कोणी चहासुद्धा लावायला तयार नव्हतं. ३–० झालं. यार्नी, व्लाओविच, शुकर. सगळ्यांनी शुकर पाहिला, साहजिकच. पण १९९६ चा हिशेब ज्याच्या डोक्यावर होता तो मागे उभा होता, आणि या वेळी शेवटपर्यंत मैदानात राहिला. उपांत्य फेरीत फ्रान्सकडून २–१ हार, थुरामचे दोन गोल. मग नेदरलँड्सला २–१ हरवून तिसरा क्रमांक. जेमतेम सात वर्षांच्या देशासाठी.

डर्बी सोडून वेस्ट हॅमला का गेला?

१९९९ मध्ये वेस्ट हॅमने ६ लाख पौंड मोजले. बत्तिशीतल्या, दुखापती झालेल्या स्टॉपरसाठी दोन्ही क्लबना सोयीचा सौदा होता. वांचोपेही त्याच उन्हाळ्यात डर्बीहून तिकडेच गेला. तिथे हॅरी रेडनॅपच्या संघात तरुण रिओ फर्डिनंडच्या शेजारी खेळला. पहिल्या मोसमात संघ नववा आला. बरं खेळला, पण तिथे तो एक अनुभवी खेळाडू होता, एवढंच.

स्पेनमध्ये का जमलं नाही?

काडिझ त्या दोन वर्षांत दोनदा खालच्या लीगमध्ये घसरला. बुडत्या बोटीत चांगला नावाडी काय करणार. पुढचा प्रश्न.

तो गाणंही गायचा म्हणे?

हो. क्रोएशियात त्याचं एक पॉप गाणं बऱ्यापैकी गाजलं. आवाज कसा आहे यावर आम्ही मत देत नाही.

भारताच्या संघात हा स्टॉपर दिसला का कुठे?

दिसला, आणि लोकांच्या नजरेतून सुटला म्हणून इथे सविस्तर लिहितो.

१५ मे २०१९ ला त्याची नेमणूक झाली. १० सप्टेंबर २०१९ ला दोहामध्ये आशियाई विजेत्या कतारला भारताने ०–० वर रोखलं, तेही सुनील छेत्रीशिवाय. गोलमध्ये गुरप्रीत सिंग संधू भिंतीसारखा उभा होता.

पण खरा स्टॉपरचा कोच दिसतो तो २०२३ मध्ये. मार्चमध्ये इंफाळला म्यानमार आणि किर्गिझस्तान, जूनमध्ये भुवनेश्वरला मंगोलिया, वानुआतू आणि दोनदा लेबनॉन, मग बेंगळुरूत पाकिस्तान आणि नेपाळ. सलग आठ सामने भारतावर एकही गोल नाही. संदेश झिंगन आणि अन्वर अली ही जोडी याच काळात बसली. नववा सामना कुवेतशी, १–०ने पुढे, भरपाईची वेळ सुरू, आणि तिथे आपल्याच माणसाच्या पायाला लागून चेंडू जाळ्यात. बाहेरच्या संघाने नाहीच भेदलं म्हणा ना. सॅफ कप, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा, आपण जिंकला, जुलैमध्ये फिफाच्या यादीत ९९ वे आलो.

आणि पाकिस्तानच्या खेळाडूच्या हातून चेंडू हिसकावला तो प्रकार?

२१ जून २०२३, कांतीरवा स्टेडियम, पाऊस. पहिला हाफ संपत आलेला, भारत पुढे. आपल्या माणसाला धक्का दिला तो फाउल रेफ्रीने दिला नाही असं याचं म्हणणं, आणि पाकिस्तानचा खेळाडू थ्रो घ्यायला हात वर करतोय तोच मागून जाऊन याने चेंडू उडवला. कोच! ढकलाढकली, लाल कार्ड. सामना ४–० ने जिंकला, छेत्रीची हॅटट्रिक. एका सामन्याआड कुवेतविरुद्ध पुन्हा लाल कार्ड, आणि त्यामुळे उपांत्य आणि अंतिम सामन्याला बंदी.

त्याच्या जागी बेंचवर उभे राहिले महेश गवळी. गोव्याचे, भारताचे माजी स्टॉपर, शांत डोक्याचे. दोन्ही सामने पेनल्टींवर गेले, दोन्ही जिंकले. एका स्टॉपरने निस्तरायला ठेवलं, दुसऱ्याने निस्तरलं.

बरं होतं का ते वागणं? नाही. पोरांसमोर मी त्याचं कौतुक करत नाही. पण १९९१ आणि १९९६ माहीत असलेल्याला धक्काही बसला नसेल.

शेवट वाईट झाला ना?

फार वाईट. जानेवारी २०२४ च्या आशियाई कपात तिन्ही सामने हरलो आणि एकही गोल केला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १–२. जूनमध्ये कतारविरुद्ध चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला असताना गोल दिला गेला, तो अन्याय होताच. पण तोवर गाडं इतकं अडकलं होतं की सगळं त्या एका गोलावर ढकलता येत नाही. १७ जून २०२४ ला त्याला काढलं. पैशांवरून वाद झाला आणि महासंघाला ४ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. आक्रमणाचं उत्तर त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही, हे माझं मत. छेत्रीनंतर गोल कोण करणार, हा प्रश्न त्याच्या आधीही होता आणि नंतरही आहे.

दादा, मी स्टॉपर खेळतो. यातून मी नेमकं काय घेऊ?

तीन गोष्टी. पहिली, बोल. आपल्याकडे मागची पोरं मुक्याने खेळतात आणि गोल झाल्यावर ओरडतात. ‘डावीकडे एक मोकळा आहे' हे गोल व्हायच्या आधी सांगायचं असतं. दुसरी, फॉरवर्डच्या समोर छाती सरळ करून उभा राहू नको, अर्धा वळलेला राहा, म्हणजे त्याने चेंडू मागे टाकला तर तुझं एक पाऊल वाचतं. पावसाळ्यात बुटांना किलोभर काळी माती चिकटलेली असते तेव्हा ते एक पाऊल फार मोठं असतं. तिसरी, चेंडू मिळाला की आधी मान वर. लगेच नाल्यात मारायचा नाही, समोरच्या विंगवर कोण उभं आहे ते बघायचं.

कामठीत रब्बानी क्लबची जुनी माणसं भेटली तर त्यांना विचार. स्वीपरने कुठे उभं राहावं हे ते चहाचे कप मांडून दाखवतील.

चौथी गोष्ट, दुसरं पिवळं घ्यायचं नाही.

जुने सामने बघायचे तर कोणते?

सुरुवात १९९८ च्या जर्मनीविरुद्धच्या सामन्याने करा आणि चेंडूकडे न बघता क्रोएशियाच्या मागच्या तिघांकडे बघा. मग १९९६ चा जर्मनीविरुद्धचा. ५६ व्या मिनिटापर्यंत तो काय खेळतोय आणि त्यानंतर संघाचं काय होतं हे लागोपाठ पाहिलं की स्टॉपरची किंमत कळते. डर्बीचे तुकडे मिळतात तेवढे बघा, त्यात वांचोपेचा गोल सोडू नका. तो गोल स्टिमॅकचा नाही, पण न बघता राहणं पाप आहे.